बंधाऱ्याची शांत बाजू

“पानी में डर नहीं दिख रहा है,” दिग्दर्शक म्हणाला.

आम्ही पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला, कासारी नदीवरच्या एका बंधाऱ्यावर उभे होतो. त्याच्यासमोर मॉनिटर होता. मॉनिटर म्हणजे कॅमेऱ्याला जे दिसतं ते दाखवणारा छोटा टीव्ही. त्यात नदी दिसत होती. काठाला ऊस, कडेला बगळे, पाणी एकदम गुपचूप. म्हशींनी येऊन डुंबावं असं. मी म्हटलं, “अच्छा है ना, सर.” मी त्याच्या पोटावर पाय देतोय असा चेहरा करून तो माझ्याकडे बघायला लागला.

ही संध्याकाळची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गडावरचे दोर काढून खाली येईपर्यंत त्यांनी पाण्यात भीती घालून ठेवली होती.

मी त्या कार्यक्रमाचा सेफ्टी इन-चार्ज होतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. हिंदी वाहिन्यांना रिअॅलिटी शोचं वेड लागलं होतं. माणसं जंगलात, कड्यावर, नदीत सोडायची, ती रडली-पडली की दाखवायचं, आणि दर भागात एकाला घरी पाठवायचं. आमच्याकडे कडे होते, जंगल होतं, नदी होती, आणि जेवण झकास होतं. मी नव्वदच्या दशकापासून पन्हाळ्याच्या कड्यांवर पोरांना दोरावरून उतरायला शिकवत होतो. पंचगंगा चढली की बोटीवर असायचो. म्हणून मला विचारणा झाली.

घरचा धंदाही दोराचाच. लक्ष्मीपुरीत आमचं दोरखंड, सुतळी आणि पोत्यांचं दुकान. आप्पांना, म्हणजे वडिलांना, माझे हे उद्योग कधी पटले नाहीत. “दोर इकणाऱ्यानं दोराला लोंबकळू न्हाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोंबकळायचे पैसे मिळतात हे कळल्यावरही त्यात फरक पडला नाही.

लोक मला अजून विचारतात, ते टीव्हीवरचं खरं असतं का हो? माझं उत्तर एकच. भीती खरी असते, धोका नसतो. धोका काढून घ्यायचा आणि भीती तेवढी शिल्लक ठेवायची, यालाच आमच्या धंद्यात सेफ्टी म्हणतात.

आदल्याच दिवसाचं उदाहरण देतो. गडाच्या कड्यावरून एक मॉडेल खाली सोडला होता. दंड असे की शर्टाच्या बाह्या रडत होत्या. अर्ध्यात पोचला आणि “मम्मी, मम्मी” सुरू झालं. रडणं शंभर टक्के खरं. पण त्याच्या कमरेला दोन वेगवेगळे दोर होते, एकेक दोर जीप उचलेल असा. दगडाच्या धारेवर दोर घासू नये म्हणून खाली पोती घातली होती. वर माझा माणूस, खाली माझा माणूस. तेवढा वेळ तो गडी आयुष्यातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी होता. रंकाळ्यावर भेळ खायला रस्ता ओलांडणं त्यापेक्षा जास्त धोक्याचं. तरी तो भाग लागला तेव्हा अव्वानं, माझ्या आईनं, डोळ्यांवर पदर धरला होता.

तर बंधारा. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीत ओळीनं दगडी खांब असतात. खांबांना खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत आडव्या जाड फळ्या एकावर एक बसवतात. त्यांना बर्गे म्हणतात. बर्ग्यांच्या दोन ओळी, आणि मध्ये चिकणमाती ठासायची. की झाली भिंत तयार. एका बाजूला पाणी तुंबतं, दुसऱ्या बाजूला फरशीवर गुडघाभर पाणी राहतं. पावसाळ्याआधी बर्गे काढले की नदी मोकळी. वरून जायला अरुंद रस्ता असतो. आम्ही त्याच रस्त्यावर कॅमेरे लावले होते.

टास्क साधा होता. तुंबलेल्या बाजूला, भिंतीला लागून, तळाशी कळशा सोडायच्या. स्पर्धकांनी बुडी मारून त्या वर आणायच्या. भिंतीला लागून एवढ्याचसाठी, की वरच्या कॅमेऱ्यात सगळं नीट यावं.

हा टास्क राजश्रीसाठी सोन्यासारखा होता. राजश्री कबनूरची. घरात वडील आणि भाऊ यंत्रमागावर. मागाच्या खडखडाटात वाढल्यामुळे आवाज असा, की तिला माईक लावणं म्हणजे वायरीची नासाडी. आमच्याकडच्या पोरी ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, ते ऐकून मुंबईचं युनिट हसायचं. ती हसू द्यायची. कड्यावर मात्र तिचे पाय लटपटले होते आणि ती शेवटची आली होती. पाण्यातला टास्क जिंकला नाही तर ती घरी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पोहायला ती विहिरीत शिकलेली. पाण्यात तिला कुणी हरवणार नव्हतं.

सकाळी मी जीप बंधाऱ्याजवळ लावली आणि आधी आवाज ऐकला. खालच्या बाजूला, भिंतीच्या मधोमध, पाण्याची ही जाड धार सुटली होती. समोरच्या फरशीवर आपटून फेस उडत होता. बंधारा फुटतोय की काय असं वाटावं.

“अब देखो,” दिग्दर्शक म्हणाला. पोरगं पहिलं आल्यासारखा खूश होता.

झालं होतं असं. आर्टवाल्यांनी, म्हणजे सेट उभा करणाऱ्या मंडळींनी, एक कुजका बर्गा हेरला आणि पहारीनं फोडला. मधली माती वाहून गेली, मागचा बर्गाही तुटला. वरून पाणी सांडलं तर नुसता धबधबा दिसतो, मधून सुटलं तर संकट दिसतं, असा त्यांचा हिशेब. स्पर्धक तर दुसऱ्या बाजूला असणार. शांत बाजूला. मग अडचण काय?

अडचण कळायला घरचा पाण्याचा हौद पुरे. हौदाचं बूच काढा आणि भोकाजवळ हाताचा तळवा न्या. वरून पाणी हललेलंही दिसत नाही. पण तळवा असा चिकटतो की सोडवताना जोर लावावा लागतो. आता हौदाच्या जागी नदी धरा. धार ज्या बाजूला गर्जते ती बाजू गुडघाभर पाण्याची. तिथे फार तर माणूस घसरून पडेल. खरी ओढ शांत बाजूला. आणि कळशा तिथेच, भिंतीला लागून.

मला राग आला. पण सेटवर रागाला कुणी किंमत देत नाही, काहीतरी दाखवावं लागतं. मी जीपमधलं एक पोतं घेतलं, त्यात दगड आणि ओलं गवत भरलं, तोंड बांधलं, दोर लावला आणि शांत बाजूला सोडलं. पोतं आधी सरळ खाली गेलं. मग हळूच तिरकं झालं. मग दोर माझ्या हातातून असा सुटला की तळव्याला चटका बसला. पलीकडच्या धारेतून पोत्याच्या चिंध्या बाहेर आल्या. फुटक्या बर्ग्याला खिळे होते.

दिग्दर्शकानं वाकून चिंध्या बघितल्या. मग म्हणाला, “लेकिन वो तो बोरा था. आदमी तैरेगा ना.”

मी मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणजे कार्यकारी निर्मात्या, मराठीच, दादरच्या. शेवटचा शब्द त्यांचा.

“वरच्या बाजूला आज कुणीही पाण्यात उतरणार नाही,” मी म्हटलं.

“भोक बुजवता येईल?”

“येईल. नवे बर्गे लागतील, माती लागेल, गावातली माणसं लागतील. आजचा दिवस जाईल.”

“आणि मी शूट चालू ठेवा म्हटलं तर?”

“तर मी जीपमध्ये बसतो. पण माझ्याबरोबर माझे दोरही जातात. उद्या पुन्हा कडा आहे तुमचा.”

त्या हसल्या. नाइलाजानं का होईना, हसल्या. ठरलं असं, की कळशांचा टास्क रद्द. त्याऐवजी खालच्या बाजूला, त्या फेसातून दोर धरून चालत जायचं. दिग्दर्शकाला फेस मिळाला, मला गुडघाभर पाणी मिळालं. चहाचा ब्रेक झाला. गावातल्या पाणीसंस्थेचे एक काका तोवर सायकलवरून आले होते. फुटका बर्गा बघून ते एवढंच म्हणाले, “पावणं, शूटिंग करा न्हाईतर तमाशा नाचवा, बंधाऱ्याला हात लावायचा न्हाई.” मॅडमनी हात जोडले.

पण राजश्रीचं गणित बिघडलं होतं. ती तडक माझ्याकडे आली.

“सर, टास्क तुमी बदलला?”

“हो.”

“का म्हणून? माझा एकटीचा टास्क हाय त्यो. त्या निसरड्या फरशीवरनं मला चालता येत न्हाई, म्हाईत हाय तुमाला. कड्यावर बघितलासा की.”

मी तिला भोक समजावलं, ओढ समजावली, पोत्याचं सांगितलं.

“मी काय पोतं हाय व्हय?”

“पोत्याला खिळे लागले तर चालतं, राजश्री. तुला लागून चालणार नाही.”

“इहिरीत उलट्या उड्या मारतो मी. तुमी नुसतं भ्या दाखवताय. सगळं खोटंच असतंय की हितं. कड्यावर तुमीच म्हणालासा, घाबरू नको, काय हुत न्हाई.”

हे मात्र मला झोंबलं. म्हणालो होतो खरा. कड्यावर ते खरं होतं म्हणूनच म्हणालो होतो. पण रोज उठून ‘काही होत नाही’ असं ऐकलेल्या माणसाला ‘इथे होतं’ हे पटवणार कसं? कड्यावर छाती दडपावी असं दृश्य आणि कमरेला दोन-दोन दोर. इथे डोळ्यांना गोड दिसणारं पाणी, आणि दोर एकही नाही. मी तिला सरळ सांगितलं, “पाण्यात पाय घालायचा नाही,” आणि खालच्या बाजूला दोर बांधायला गेलो. जाताना शब्बीरला, माझ्या जुन्या जोडीदाराला, बंधाऱ्यावर थ्रो बॅग देऊन उभं केलं. थ्रो बॅग म्हणजे दोर भरलेली पिशवी. फेकली की दोर आपोआप उलगडत जातो. शब्बीर पुरात माझ्याबरोबर असायचा. त्याला दोनदा सांगावं लागत नाही.

मी फरशीवर उभा राहून खांबाला दोर बांधत होतो. धारेचा आवाज एवढा, की शेजारच्याशी खुणेनं बोलायचं. आणि बांधता बांधता माझ्या लक्षात आलं, की आवाज कमी झालाय.

मी वर बघितलं. धार तुटली होती. मघाशी जाड होती, आता दोन फाटे होऊन वेडीवाकडी उडत होती. भोकात काहीतरी आलं होतं. मी पुढे झालो, तर दोन फाट्यांच्या मधोमध माणसाचं पाऊल दिसलं.

नंतर कळलं ते असं. पाण्यात काही धोका नाही हे मॅडमना दाखवून द्यायचं म्हणून राजश्री लाइफ जॅकेट काढून काठावरून उतरली होती. तिचा बेतही काही वेडा नव्हता. भिंतीपासून लांबून पोहत जायचं, हात हलवायचा, परत यायचं. शब्बीरनं वरून हाका मारल्या. तिनं त्यालाही हात दाखवला. मग ती भिंतीकडे सरकायला लागली, पण हात तर मारत नव्हती. शब्बीरनं तेवढ्यावरून ओळखलं आणि बॅग फेकली. दोर तिच्या हातात पडला आणि त्याच क्षणी पाय भोकात गेला.

मी आयुष्यात बरीच माणसं पाण्यातून काढली आहेत. त्यातलं कुणी ओरडत असलं तर मला बरं वाटतं, कारण ओरडायला श्वास लागतो. शब्बीर सांगतो, ती ओरडली नाही. हनुवटीपर्यंत पाणी, दोन्ही हातांत दोर, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. ना भीती, ना रडणं. बस चुकली की माणूस जसा बघतो तशी ती बघत होती.

खाली मी पावलासमोर उभा. धार छातीवर. मला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि तिला मी दिसत नव्हतो. मी दोन्ही हात तिच्या तळव्याला लावले, एक पाय खांबाला टेकवला आणि ढकललं. पाणी तिला माझ्याकडे ढकलत होतं आणि मी पाण्याला. वर शब्बीरनं शहाणपणा केला. त्यानं सरळ वर ओढलं नाही. वर ओढून भोक माणसाला सोडत नाही. तो दोर घेऊन रस्त्यावरून काठाच्या दिशेनं चालायला लागला, म्हणजे तिला भिंतीवरून बाजूला घासत नेलं. लाइटवाले दोघे धावून त्याच्या मागे लागले. माझ्या हातांना एकदम काहीतरी हलल्यासारखं झालं, पाऊल आत गेलं, आणि धार पूर्वीसारखी जाड होऊन मला मागे फेकून गेली. मी फरशीवर आडवा पडलो आणि पडल्या पडल्या मला इतका आनंद झाला, की कुणी बघितलं असतं तर वेडा म्हणाला असता.

मी वर आलो तेव्हा ती काठावर बसली होती. नडगीची साल निघाली होती, खिळ्यानं पोटरी चिरली होती. पाय जागेवर होता.

“सर,” ती म्हणाली, “पाण्यानं धरलं मला.” बस्स, एवढंच.

मग दिग्दर्शक पळत आला. माणूस वाईट नव्हता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं तिच्या पायाकडे बघितलं, देवाचं नाव घेतलं, आणि मग त्याच्यातला धंदा जागा झाला. “कैमरा चालू था?”

नव्हता. एकही नव्हता. सगळे चहा पीत होते. अख्ख्या कार्यक्रमातला एकमेव खरा धोका, आणि त्याची एक फ्रेमसुद्धा कुणाकडे नाही. असती तरी काय दिसलं असतं? शांत पाणी, त्यात एक पोरगी गप्प उभी, वर तीन माणसं दोर घेऊन चालताहेत. एडिटिंगमध्ये पहिल्या झटक्यात कापलं गेलं असतं.

मॅडमनी त्या दिवशीचं शूट बंद केलं आणि राजश्रीला दवाखान्यात पाठवलं. गावातल्या लोकांनी नवे बर्गे घालून, माती ठासून भोक बुजवलं. माझा कुणी सत्कार केला नाही, पण त्यानंतर माझी सही झाल्याशिवाय टास्कची जागा ठरायची नाही, हा नियम झाला. मला तो सत्कारापेक्षा आवडला.

पोटरीची जखम भरल्यावर दिग्दर्शकानं तिला विचारलं, तो प्रसंग पुन्हा करून दाखवशील का. खालच्या बाजूला, पंपानं पाणी सोडून, गुडघाभर पाण्यात. मला वाटलं, ती त्याच्या थोबाडीत देईल. ती म्हणाली, “करतो की. पण दोर सर बांधणार.”

मी बांधले. दोन. पंपानं फेस उडवला. राजश्रीनं जी बोंब मारली, ती पार गडावर गेली असेल. हात आपटले, नाका-तोंडात पाणी घेतलं, “बचाओ” म्हणाली, आणि शब्बीरनं तिला ओढून काढलं तेव्हा तिचे खरेखुरे हुंदके निघाले. ते कुठून आले हे मला आणि शब्बीरलाच माहीत. त्या भागावर ती आणखी दोन भाग टिकली.

तो भाग लागला तेव्हा दुकानातल्या टीव्हीसमोर हमाल, गिऱ्हाइकं, शेजारचे भुसारवाले अशी गर्दी जमली होती. सगळ्यांचे श्वास अडकले. आप्पा चष्मा वर करून म्हणाले, “गुडघाभर पाणी हाय की. ती बुडत न्हाई, बसलीया.”

पंधरवड्यानं राजश्री आईला घेऊन दुकानात आली. आईनं नृसिंहवाडीला जाऊन नवस फेडला होता आणि येताना माझ्यासाठी कवठाची बर्फी आणली होती. ती माउली माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली.

“दादा, त्या फेसातनं माझी पोर काढलासा. टीव्हीवर सगळं बघितलं मी.”

मी राजश्रीकडे बघितलं. तिनं डोळ्यांनीच खुणावलं, नको म्हणून. घरी तिनं शांत बाजूचं काहीच सांगितलं नव्हतं. पोटरीवरचा व्रण फरशीवर पडल्याचा म्हणून खपवला होता.

“आमचं कामच हाय ते, मावशी,” मी म्हटलं.

“तुला लई भ्या वाटलं आसंल न्हवं गं?” आईनं लेकीला विचारलं.

“वाटलं की,” राजश्री म्हणाली. “केवढी वरडलो, बघितलंस न्हवं?”

त्या गेल्या. आप्पा गल्ल्यावर बसून माझ्याकडे बघत होते. “त्यो फेस सोड,” ते म्हणाले. “त्या पोरीच्या पायाला काय झालतं ते सांग.”

मी सगळं सांगितलं. भोक, धार तुटली ते, पाऊल दिसलं ते. संपल्यावर आप्पांनी विचारलं.

“आधी पोतं सोडलंतास?”

“व्हय.”

“काय झालं पोत्याचं?”

“चिंध्या.”

ते उठले. मागच्या थप्पीतून पोत्यांचं एक आख्खं गाठोडं ओढून काढलं, स्वतः उचलून बाहेर नेलं आणि माझ्या जीपमध्ये टाकलं. सत्तरीच्या माणसाला तेवढ्यानं धाप लागली. जीपच्या दाराला धरून ते म्हणाले, “ने. जाशील तितं आधी पोतं सोडत जा. पोतं परत इकत मिळतंय.”

दोराला लोंबकळण्याबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मी अजून हे काम करतो. कुठल्याही सेटवर गेलो की आरडाओरडा करणारं पाणी नंतर बघतो. आधी शांत बाजूला जातो आणि पोतं सोडतो.